वांग्याची पाटागोनियातली चुलत बहीण

आमच्या परसातलं काचघर आठ फूट बाय सहा फूट आहे आणि त्याच्या छपराला एकच खिडकी आहे. घरातली निम्मी भांडणं त्या खिडकीवरून होतात. मी ती उघडतो, बायको लावते. सकाळी कामावर निघताना मी उघडून जातो; गाडी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत ती लागलेली असते. रात्री बॅटरी घेऊन मी पुन्हा जातो. इंग्लंडच्या उत्तरेला, जिथे जूनमध्येसुद्धा स्वेटर पेटीत ठेवायचा धीर होत नाही, तिथे थंडी आत यावी म्हणून धडपडणारा मराठी माणूस बहुधा मी एकटाच असेन.

"अहो, वांगी गारठतायत."

"आणि तिचा जीव गुदमरतोय त्याचं काय?"

'तिचा' म्हटल्यावर घरी आलेले पाहुणे दचकतात. मग त्यांना कुंडी दाखवावी लागते.

मातीची उंच कुंडी. वर बारीक खडी पसरलेली. खडीच्या मधोमध सुपारीपेक्षा जरा मोठा, हिरवट करड्या रंगाचा टणक फुगवटा. पाहुणे वाकून बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग हिच्याकडे बघतात. ही हळूच मान हलवते. "यांचं हे असंच चाललंय," एवढा मजकूर त्या मानेत असतो.

या फुगवट्याचं नाव बेंथॅमिएला पाटागोनिका. माहेर दक्षिण अमेरिकेच्या पार तळाशी, अर्जेंटिनाच्या सान्ता क्रूझ भागातल्या उजाड पठारांवर आणि डोंगरउतारांवर. पॅसिफिकवरून येणारा पाऊस अँडीज पर्वत पलीकडे चिलीतच उतरवून घेतो. अलीकडे पोचतो तो नुसता कोरडा वारा. त्या वाऱ्यात मान वर काढून उभं राहणं झाडाच्या फायद्याचं नाही. म्हणून हिने मान घातली, फांद्या आखडल्या, पानं जेमतेम दिसतील एवढी बारीक केली आणि सगळं अंग गच्च आवळून उशीसारखी बसली. वारा वरून जातो, आत थोडी ऊब राहते. मुळं मात्र खोल जातात, म्हणून कुंडी उंच.

आता गंमत अशी, की खिडकीच्या भांडणातले दोन्ही पक्ष एकाच घरचे आहेत. सोलॅनेसी कुळ. वांगं त्यातलं, मिरची, टोमॅटो आणि बटाटा त्यातले. तंबाखू आणि धोतरा हे वाया गेलेले काकाही त्यातलेच. आपल्या नर्सरीत थंडीत रोपं विकायला येतात तो पेटुनियाही त्यातलाच. बटाट्याएवढं राबणारं माणूस जगात दुसरं नसेल; वडा त्याचा, भाजी त्याची, उपासालाही तोच. मिरचीशिवाय तर पान हलत नाही. अशा कष्टाळू कुटुंबात एखादी मोठ्या घरी पडलेली चुलत बहीण असते. लग्नात ती खुर्चीच्या टोकावर बसते, रुमालाने वारा घेते, "मला बाहेरचं पाणी चालत नाही" म्हणते आणि नाव विचारायला चार माणसं तिच्याभोवती उभी असतात. वाढपी मात्र पंगतीत फिरत असतो. बेंथॅमिएला ही ती बहीण.

वांग्याला ऊब लागते, हिला गारवा. टोमॅटोला दर आठवड्याला खत, हिला खत म्हटलं की झीट. मिरचीला पाणी घातलं नाही तर ती मान टाकते, हिच्या अंगावर पाणी पडलं तर ही थेट कुजते. बर्फ चालेल, हिमवादळ चालेल, इंग्लंडचा नोव्हेंबरातला रिपरिप पाऊस चालणार नाही. आणि आम्ही राहतो ते गाव नोव्हेंबरातल्या रिपरिप पावसासाठीच वसवलेलं आहे.

बी.एस्सी.ला माझा विषय वनस्पतिशास्त्र होता. नंतर पोटासाठी संगणकात गेलो, पण 'बेंथॅम-हूकर' हे जोडनाव त्या काळात डोक्यात बसलं ते बसलंच. सोलॅनेसीचं फूल प्रॅक्टिकलला हमखास यायचं. धोतऱ्याचं यायचं किंवा पेटुनियाचं. ब्लेडने उभं चिरायचं, पाच निदलं जुळलेली, पाच पाकळ्या जुळलेल्या, पाच पुंकेसर पाकळ्यांना चिकटलेले, अंडाशय तिरपं. 'तिरपं' लिहिलं नाही तर मार्क कापायचे. जॉर्ज बेंथॅम हा माणूस मुळात वकिलीचं शिक्षण घेतलेला, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमचा पुतण्या. पुढे क्यूच्या बागेत बसून त्याने हूकरबरोबर जगभरच्या वाळक्या रोपांची घराणी लावली आणि 1862 ते 1883 या काळात ग्रंथ काढला. तो पाठ करण्यात महाराष्ट्रातल्या पोरांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या. कार्लोस स्पेगाझिनी नावाच्या, इटलीत जन्मून अर्जेंटिनात स्थायिक झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने या उशीला त्या बेंथॅमचं नाव दिलं. इतक्या वर्षांनी इथल्या रॉकगार्डन मंडळाच्या बियांच्या यादीत ते नाव दिसलं तेव्हा मला जुने सर भेटल्याचा आनंद झाला. सर परीक्षा घ्यायला आलेत हे नंतर समजलं.

या मंडळाबद्दल थोडं सांगायला हवं. डोंगरावरची, खडकातली झाडं कुंडीत वाढवणाऱ्यांच्या मोठ्या संस्था ब्रिटनमध्ये जुन्या आहेत. अल्पाइन गार्डन सोसायटी 1929 सालची, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब 1933चा. त्यांच्या सावलीत गावोगावी छोटी मंडळं असतात. आमच्या मंडळात बसायची जागा वयावर नाही, पैशावर नाही, झाडाच्या अवघडपणावर ठरते. "माझ्याकडे ते सहज येतं," असं कुणी चुकून बोललं की चहाच्या टेबलावर शांतता पसरते. मान आहे तो मरण पावलेल्या झाडांना.

"बेंथॅमिएला? मी चारदा मारलीये," एक गृहस्थ पहिल्याच भेटीत मला म्हणाले.

"मी सहा वेळा," पलीकडच्या आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज ज्याला पद्मश्री मिळाली आहे त्याचा होता.

मी नवा. माझ्या हातून अजून एकही मेलेली नव्हती. कुणी माझ्याशी फार बोललं नाही.

बी आलं ते नखाएवढ्या पाकिटात. पाकिटावर नाव, आणि नावापुढे ज्या माणसाने पाटागोनियात जाऊन ते गोळा केलं त्याचा संग्रह-क्रमांक. हा क्रमांक लेबलवरून कधीही पुसू द्यायचा नाही. नवऱ्याचं नाव विसरलं तर मंडळात चालतं, संग्रह-क्रमांक विसरलेला चालत नाही. पाकीट उघडताना श्वास रोखायचा, कारण एका शिंकेत सान्ता क्रूझची अख्खी मोहीम गालिच्यात जाऊ शकते.

पेरायला माती लागत नाही. माती म्हणजे लाड. लागते ती खडी. आणि उत्तम खडी मिळते कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात. कोंबड्या दळणासाठी गिळतात ती. मंडळात हे गुपित कानात सांगितलं जातं. मी शेतीमालाच्या दुकानात जाऊन पंचवीस किलोचं पोतं मागितलं.

"कोंबड्या किती?" दुकानदाराने विचारलं.

"एकही नाही."

"बदकं?"

"नाही हो, एका झाडासाठी पाहिजे."

त्याने पोतं खांद्यावर घेतलं, गाडीत टाकलं आणि डिकी लावता लावता विचारलं, "अंडी बरी देतं का?"

पेरलेली कुंडी थंडीत बाहेर ठेवायची. बियांना हिवाळा भोगू द्यायचा, म्हणजे त्यांना वसंत आल्याचं पटतं. नाही पटलं तर पुढच्या वर्षी पटेल. तोवर कुंडी फेकायची नाही, हा मंडळाचा पहिला नियम. त्यामुळे इथल्या सभ्य, सुशिक्षित घरांच्या मागे नुसत्या खडीने भरलेल्या आणि नीट लेबलं लावलेल्या कुंड्यांच्या रांगा असतात, आणि मालक रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या खडीची पाहणी करतात. मीही करू लागलो.

"काही उगवत नाहीये त्यात," ही म्हणाली. "कोथिंबीर पेरू का?"

मग एके दिवशी खडीतून हिरवा ठिपका वर आला. दोन दलं, थोडी लव. मी कुंडी मांडीवर घेऊन मंडळाच्या बैठकीला गेलो. ज्येष्ठांनी खिशातून भिंगं काढली. खोलीत कुजबुज झाली. सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी बराच वेळ निरखून निकाल दिला, "शंभर टक्के सोलॅनेसी." टाळ्या वाजल्या. मला पहिल्यांदाच खुर्ची पुढे करण्यात आली, बिस्किटांतलं चॉकलेटचं आधी माझ्याकडे आलं.

निकाल चूक नव्हता. पुढच्या महिनाभरात तो टोमॅटो फूटभर वाढला. हिने तो कौतुकाने मोठ्या कुंडीत हलवला आणि त्या उन्हाळ्यात आम्ही त्याची कोशिंबीर खाल्ली. संग्रह-क्रमांकाचं लेबल मात्र मी त्याच्या कुंडीतून लगोलग काढून घेतलं. मोहिमेचा मान राखायला नको?

खरी बेंथॅमिएला आली ती कुणाचंच लक्ष नसताना, आणि आल्यावर जागची हललीच नाही. वर्षभरात तिने जी वाढ केली ती मोजायला पट्टी नाही, श्रद्धा लागते. तिची दिनचर्या मात्र राजघराण्याची. कुंडी वाळूच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेली. पाणी घालायचं ते वाळूला, मातीच्या भिंतीतून झिरपेल तेवढं तिने घ्यायचं. तेही पावसाचं. नळाचं पाणी आमच्याकडे चुनखडीचं, ते आम्ही पितो. म्हणजे कोरड्या काचघरातल्या झाडासाठी मी छपराच्या पन्हळीला पिंप लावून पाऊस साठवतो, आणि तोच पाऊस तिच्यावर पडू नये म्हणून काचघर दुरुस्त करत असतो. वाळकं पान चिमट्याने काढायचं. मावा लागला तर तो पानांच्या आत दडतो, म्हणून लहान कुंचल्याने शोधायचा. आणि कुंडी दर थोड्या दिवसांनी पाव वळसा फिरवायची. नाहीतर उजेडाकडचा भाग फुगतो, गोलाई बिघडते आणि मंडळात नाव जातं. सुट्टीवर पुण्याला आलो तेव्हा शेजाऱ्यांकडे घराची किल्ली दिली. मांजराला खायला घालण्याच्या सूचना एका ओळीत मावल्या. कुंडी फिरवण्याच्या सूचनांना आकृत्या काढाव्या लागल्या.

हा वेडेपणा आमच्या मंडळापासून सुरू झाला असं नाही. या छंदाचा आद्य पुरुष रेजिनाल्ड फॅरर. यॉर्कशरचा, जेमतेम चाळीस वर्षं जगला, 'द इंग्लिश रॉक गार्डन' हा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ 1919 साली निघाला. त्याने म्हणे बंदुकीच्या काडतुसात बिया भरून घराजवळच्या कड्यावर झाडल्या, खडकाच्या भेगांत आपसूक पेरणी व्हावी म्हणून. त्याच काळात सर फ्रँक क्रिस्प नावाच्या धनिक वकिलाने टेम्सकाठी हेन्लीला, फ्रायर पार्कच्या बागेत, मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती उभारली. हजारो टन दगड रचले आणि वर शोभेला पत्र्याच्या डोंगरी शेळ्या. फॅररने 1914 साली ई. ए. बोल्स या मित्राच्या बागकामाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तीत पैशाने रचलेल्या अशा डोंगरांची यथेच्छ टर उडवली. नाव न घेता. क्रिस्पसाहेबांनी ते अंगाला लावून घेतलं, बिचाऱ्या बोल्सला धारेवर धरणारं चोपडं छापलं, आणि एलन विलमट या नामांकित बागकर्तीने ते चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातात कोंबलं. प्रस्तावना एकाची, मार दुसऱ्याला. मराठी साहित्यविश्वात वावरलेल्या माणसाला इथे अगदी घरच्यासारखं वाटतं. ते फ्रायर पार्क पुढे 1970 साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने घेतलं आणि स्वतः बागेत राबला. सतारीपेक्षा खुरपं त्याला जड गेलं असावं असं मला उगीचच वाटतं.

तर फॅररच्या नावाचं पदक असतं. प्रदर्शनातल्या सर्वोत्तम झाडाला मिळतं. ते मिळवण्याची माझी पात्रता नाही, पण छोट्या कुंड्यांचा एक वर्ग असतो, तिथे लावायला हरकत नव्हती. आदल्या रात्री कुंडी दात घासायच्या ब्रशने घासली. वरची खडी काढून नवी, धुतलेली खडी चमच्याने घातली. पहाटे निघालो. एप्रिल महिना, बाहेर दव गोठलेलं. गाडीत हीटर लावायचा नाही, कारण तिला ऊब सोसत नाही. काचा थोड्या खाली. कुंडी पुढच्या सीटवर पट्टा लावून. ही मागे, शाल, कानटोपी आणि मोजे घालून.

"मला कधी पुढची सीट मागितली नव्हतीत अशी," मागून आवाज आला.

गतिरोधक आला की मी गाडी जवळजवळ थांबवायचो. मागे रांग लागली. एकाने हॉर्न वाजवला, पुढे येऊन काच खाली केली आणि सीटवर काय आहे ते बघून वाजवलेल्या हॉर्नबद्दल माफी मागितली. हे फक्त इंग्लंडमध्येच होतं.

परीक्षक तिघं होते. ते बोलत नाहीत. वाकतात, सरळ होतात, पुढच्या कुंडीकडे जातात. माझ्या कुंडीपाशी त्यातला एक दोन सेकंद जास्त वाकला आणि त्याने अंगठ्याने उशी किंचित दाबली. दाबल्यावर त्याचा चेहरा पडला. बक्षीस नाही. नंतर मंडळाच्या आजी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"जरा सैल आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हे सांगताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला होता. "खाऊनपिऊन सुखी दिसतेय."

यापरता अपमान नाही. उशी घट्ट हवी, दगडासारखी, म्हणजे झाड उपाशी आहे हे लोकांना दिसतं. सैल उशी म्हणजे मालकाने दया दाखवली. मी तर वर्षानुवर्षं तिला खडी आणि वारा यांवर ठेवली होती. परतीच्या वाटेवर मी हीटर लावला आणि विषय काढला.

"तू हिला काही घालतेस?"

मागच्या सीटवर शांतता.

"टोमॅटोचं खत?"

"अर्धीच मात्रा," ही म्हणाली. "तेही उरलेलं. माझ्या काचघरात सगळ्यांनी जेवायचं आणि एकटीने टुकुटुकु बघायचं, हे मला जमणार नाही. बघवत नाही हो."

मी पुढच्या बैठकीत आजींना हा प्रकार हसत हसत सांगितला, म्हणजे दोष कुणाचा ते नोंदवलं जावं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"अर्धी मात्रा? वसंतात?"

"हो."

"मी पाव देते," त्या कुजबुजल्या. "सगळेच देतात. पण असं मोठ्याने बोलत नाहीत."

चारदा मारणारे गृहस्थ चहात साखर ढवळत होते. त्यांचा चमचा थांबला, आणि मग जरा जोरातच फिरू लागला.

मे महिन्यात तिला फूल आलं. एक. पिवळट पांढरं, पाच पाकळ्यांचं, शर्टाच्या बटणाएवढं, उशीच्या मधोमध नाही तर नेमकं बाजूला, जिकडून पाव वळसा द्यायचा राहिला होता तिकडे. मी भिंग लावून पाहिलं: पाकळ्या जुळलेल्या, पुंकेसर पाच. अंडाशय तिरपं आहे का ते बघायला फूल चिरावं लागलं असतं, ते धाडस झालं नाही. मार्क कापा. मी साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. या फुलाबद्दल ती गेली काही वर्षं फोनवर ऐकत होती. देवाला वाहतात का, वेणीत माळतात का, वास आहे का, काढ्याला चालतं का, असे तिचे सगळे प्रश्न विचारून झाले होते आणि माझी सगळी उत्तरं नकारार्थी होती. तरी मुलाच्या आनंदात तिचा आनंद.

"आई, बघ, आलं फूल!"

"अगोबाई! केवढं सुरेख! जांभळं आहे की रे. नाजूक कसं आहे!"

"ते वांग्याचं, आई. मागे आहे ते. तू पुढे बघ."

"हो का? सूनबाई, यंदा काटेरी लावलीस का गं? भरायला तीच चांगली." मग वांग्यावर बोलणं झालं. दाण्याचं कूट, गोडा मसाला, चिंच की आमसूल. मी फोन धरून उभा. हात दुखायला लागल्यावर मी मधे पडलो.

"आई, अगं हे फूल बघ ना."

"दाखव की. कुठे आहे? तो दगड जरा बाजूला घे, दिसत नाहीये."

"तो दगड नाही. तेच झाड आहे."

आई चष्मा पुसून स्क्रीनच्या इतकी जवळ आली की मला नुसतं कपाळ दिसू लागलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, पार वाळून गेलंय रे ते. पाणीबिणी घालतोस की नाही? सूनबाई, हा काही लक्ष द्यायचा नाही. तूच रोज सकाळी तांब्याभर घाल हो वरून."

"हो आई," ही म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिने झारी उचलली.